शुद्ध केलेली बायको

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. प्रुफं तपासण्यात जन्म गेला. दुसऱ्याची चूक सापडली की त्याला जेवण गोड लागायचं. घरी तावडीत सापडायची ती बायको. ती एका वेबसाइटवर गोष्टी लिहायची, शेजारपाजारच्या, स्वतःच्या, जशी बोलायची तशा. हा त्या वाचायचा फक्त चुका काढायला.

“चारचौघांत हसं होईल,” म्हणायचा.

“होऊ दे की,” ती म्हणायची. “हसावं म्हणूनच लिहिते मी.”

ती गेली. पुढे कुणीतरी ती साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि तिच्या सगळ्या गोष्टींचा विचका झाला. जिथे ‘मला’ होतं तिथे ‘à¤®à¤²à¤¾’ दिसायला लागलं. बायकोचं मागे उरलं होतं ते एवढंच. फोटोतसुद्धा ती तोंड मिटून बसलेली. कानामात्राने कंबर कसली. पासवर्ड दुर्दैवाने त्याच्याकडेच होता. एकेक पान उघडायचं, कचरा पुसायचा, आठवेल तसं लिहायचं आणि सेव्ह करायचं. सगळी पानं संपल्यावरच त्याने भाचीला बोलावलं, तेही पाठ थोपटून घ्यायला. भाची वेबसाइटचीच कामं करायची.

तिने स्क्रीन पाहिला, आधी तिथे कसली अक्षरं दिसत होती ते मामाकडून ऐकलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“मामा, काहीच बिघडलं नव्हतं हो. कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत ठेवतो. ते आकडे कुठल्या तक्त्यावरून वाचायचे, ते पानाने सांगायचं असतं. तेवढंच चुकलं होतं. आकडे जिथल्या तिथे होते. एक ओळ बदलली असती तर मामी जशीच्या तशी परत आली असती.”

“मग बदल की.”

“काय बदलू? तुम्ही पुसलंत ना.”

जुना सर्व्हर बंद झालेला, दुसरी प्रत कुठेच नाही. भाचीने सगळीकडे शोधलं. मग तिचं डोकं फिरलं आणि तिने एक पान मोठ्याने वाचायला घेतलं.

“‘तदनंतर आम्ही उभयता बाजारात गेलो.’ मामी उभ्या जन्मात कधी ‘उभयता’ म्हणाली होती का?”

कानामात्रा आठवू लागला. बायको कुठे ऱ्हस्व चुकायची, कुठे दीर्घ, ते त्याला धडाधड आठवलं. तिच्या तोंडचं एक अख्खं वाक्य काही आठवेना. अशा वेळी माणसाने निदान रडावं.

“म्हणायला हवं होतं,” तो म्हणाला.