झुलालभाऊंचा कान

भुसावळच्या यार्डात झुलालभाऊंची ओळख त्यांच्या कानावरून होती. मालगाडी येऊन थांबली, की एका बाजूने झुलालभाऊ आणि दुसऱ्या बाजूने अय्युब, असे दोघे हातोड्या घेऊन निघायचे. प्रत्येक चाकावर एक ठोका. धड चाक खणखणीत बोलतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे भरवसा कानाचाच. शेवटचा डबा झाला की मुकादम जीवराम दोघांना विचारायचा, "तुझी बाजू?" दोघांनी "ठीक" म्हटलं की कागदावर सही आणि गाडी मोकळी.

हा कान रेल्वे कॉलनीतल्या बायकांनाही पक्का ठाऊक. उन्हाळा लागला की मडकं घ्यायला बाजारात झुलालभाऊच सोबत हवेत! ते टिचकी मारून मान हलवायचे, "हे नको, ते घ्या." त्यांनी निवडलेलं मडकं कधी गळलं नाही.

पण एक खोड होती या माणसाला. कुणाला नाही म्हणायला जीभच रेटायची नाही. कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाच्या पोराचं जावळ, की त्याची ड्यूटी झुलालभाऊंच्या गळ्यात. आपली पाळी संपवायची, डबा खायचा आणि दुसऱ्याची सुरू करायची. सहा वर्षांत एक मोठी रजा नाही. लोक कौतुकाने म्हणायचे, लोखंडाचा माणूस आहे. अहो, लोखंडाला तडा जातो म्हणून तर तुम्हाला रेल्वेने हातोड्या दिल्या ना! पण हे त्यांना सांगणार कोण?

अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात आखाजीला घरी बसणार नाही असा माणूस नाही, म्हणून झुलालभाऊंनी तिघांच्या पाळ्या अंगावर घेतल्या. कामाच्या गडबडीतच पितरांच्या पूजेची घागर आणून बायकोच्या, पुष्पाबाईंच्या, हातात दिली. पुष्पाबाईंनी ती भरून पाटावर ठेवली, आणि नैवेद्य वाढेपर्यंत खाली पाण्याचं थारोळं. नवऱ्याने आणलेली घागर गळते, हे त्यांच्या पचनीच पडेना. झुलालभाऊंनाही आठवेना, आपण टिचकी मारली होती की नाही.

जेवणात मीठ कमी-जास्त झालेलं त्यांना आताशा कळत नव्हतं. सकाळी हातोडी उचलायला ते चालढकल करायचे. कामाला ते कधी भ्याले नव्हते, आता मात्र शेवटचा डबा कधी येतो एवढंच बघत चालायचे. स्टोअरच्या खिडकीत बसायचं काम मागावं, असं मनात घोळत होतं.

आखाजीनंतर पंधराएक दिवसांनी दुपारी दिल्लीकडे जाणारी केळीची गाडी लागली. जीवरामने विचारलं, दोघांनी "ठीक" म्हटलं, सही झाली. दोघे माठाजवळ पाणी प्यायला आले. अय्युब सहज म्हणाला, "झुलालभाऊ, मधल्या त्या डब्याची चाकं नवीकोरी आहेत. काय गोड वाजलं! तुमच्या बाजूचं कसं होतं?"

झुलालभाऊ आठवू लागले. नवं चाक आठवेना, जुनंही आठवेना. अख्ख्या गाडीतला एकही आवाज कानात नव्हता. हात चालला होता आणि कान कुठे होता, देव जाणे.

आता सांगा, दुसरा कुणी असता तर "चांगलं वाजलं" म्हणून मोकळा झाला असता. गाडी सुटायच्या बेतात होती, केळी उन्हात तापत होती, उशीर झाला की साहेबापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे बोंब मारणार. झुलालभाऊंनी पेला टाकला, लाल झेंडी घेतली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी रुळांच्या खडीवरून इंजिनापर्यंत धावत गेले.

गाडी थांबली. अय्युबने त्यांची बाजू पुन्हा ठोकली. एकही चाक खराब निघालं नाही! गाडीला पाऊण तास उशीर झाला आणि यार्डभर हसं झालं. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. झुलालभाऊंनी तीन ओळी लिहिल्या: "चाकांत दोष नव्हता. मी हातोडी मारली, पण ऐकलं नाही. मला या कामावरून काढावं."

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग शेवटची रजा कधी घेतली, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून ते म्हणाले, "एकवीस दिवस गावी जा. हातोडी इथेच ठेवा. आल्यावर बघू."

दोंडाईचाजवळच्या गावी थोरली बहीण झुंबरबाई होती. तिच्या ओसरीवर झुलालभाऊ आठ दिवस नुसते झोपले. अक्का उठवायची, खाऊ घालायची, पुन्हा झोपू द्यायची. आठवडाभराने म्हणाली, माठ फुटलाय, झिपरू कुंभाराकडून एक आण.

झिपरूच्या अंगणात झुलालभाऊंनी एक मडकं उचललं आणि सवयीने टिचकी मारली. भद्द. ते जागीच थांबले. दुसऱ्याला मारली, खणखणीत. तिसरं, चौथं. खाली बसून एकेक मडकं वाजवत सुटले. कान परत आला होता हो! डोळ्यांतून पाणी वाहतंय याचंही त्यांना भान नव्हतं. शेवटी झिपरू वैतागला, "भाऊ, एक मडकं लेनं शे का बठ्ठा मडका फोडना शेतस?"

एकही न फोडता झुलालभाऊंनी दोन घेतली, एक अक्काला आणि एक पुष्पाबाईंना.

कामावर परतून त्यांनी साहेबांकडून हातोडी घेतली, त्याच दिवशी कुणीतरी मेहुण्याच्या साखरपुड्यासाठी पाळी घ्या म्हणाला. झुलालभाऊ जरा अडखळले, आणि जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाले. त्या माणसाला इतकं नवल वाटलं की तो रागवायचंच विसरला.

मग गाडी लागली. झुलालभाऊ सावकाश निघाले. अय्युब आपली बाजू आटोपून केव्हाचा उभा. जीवरामने घड्याळाकडे पाहिलं, पण घाई केली नाही. झुलालभाऊ आल्यावर त्याने नेहमीचंच विचारलं, "तुझी बाजू?"

"ऐकली," झुलालभाऊ म्हणाले.

जीवरामने सही केली. पुढे निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं झुलालभाऊंनी "ठीक" हा शब्द वापरला नाही. आणि ज्या दिवशी "ऐकली" म्हणता येईना, त्या दिवशी ते मुकाट्याने मागे फिरायचे आणि पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात करायचे. तेव्हा यार्डात कुणी हसत नसे.