खोलीसाठी तीन रेकॉर्ड

आमच्या नव्या घरात दहा बाय दहाची एक खोली जास्तीची निघाली आणि तिथून सगळ्याला सुरुवात झाली. घर यवतमाळात, बाभुळगाव रस्त्यावर, प्लॉट लहानच, पण मिस्त्रीने जिना बाहेरून काढला म्हणून आत ही खोली शिल्लक राहिली. मला ती माझ्या रेकॉर्डसाठी हवी होती. दोनशेच्या वर आहेत, सगळ्या रॉक नाहीतर मेटल, आणि आजवर त्यांनी पलंगाखाली, कपाटावर, एकदा तर गव्हाच्या कोठीमागे दिवस काढलेत. बायकोला तीच खोली तिच्या भजनी मंडळासाठी हवी होती. ती खंजिरी वाजवते. मंडळात आठ बायका, आठ खंजिऱ्या, आणि सराव कायम कुणाच्या तरी ओसरीवर, त्या घरच्या म्हाताऱ्याची झोप सांभाळून.

मी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळमिलमध्ये यंत्रं सांभाळतो. पट्टा सैल झाला, बेअरिंग कोरडं पडलं, की बाहेर चहा पिताना नुसत्या आवाजावरून मला कळतं. हे मी चारचौघांत जरा जास्तच सांगतो. बायकोचं त्यावर उत्तर ठरलेलं. "दिवसभर मिलमंधी खडखडाट आयकता, अन् घरी येऊन पैसे देऊन आयकता."

खोलीवरून आठवडाभर धुसफूस झाल्यावर मी एकदा चिडून म्हणालो, "तू माही एक तरी रेकॉर्ड पुरी आयकली काय कधी?"

"आयकू द्याल तवा आयकीन ना," ती म्हणाली. "तुमचं तं मंधातच सुरू होते, हा गिटारवाला कोन अन् तो ढोलवाला कोन."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. मग पैज ठरली. तीन रविवार, दुपारच्या वेळी, दर रविवारी एक रेकॉर्ड. तिन्हींपैकी एक जरी तिने जागेवरून न उठता शेवटपर्यंत ऐकली, तर खोली माझी. तिन्ही वेळा उठली, तर खोली मंडळाची. आणि मी मध्ये तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट तिची.

दिवस एप्रिलचे. कूलर चालू असला की गाण्याचा नाजूक भाग बुडतो, म्हणून मी कूलर बंद करायला लावला. एप्रिलच्या दुपारी यवतमाळात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी ती बसली. समोर चिंचेचा ढीग, हातात लहानसा वरवंटा, एकेक चिंच ठोकून चिंचोका बाहेर काढायचा. पैज लागली म्हणून वर्षाची चिंच फोडायची राहील, असं आमच्या घरी होत नाही.

पहिल्या रविवारी मी जपून सुरुवात केली. कव्हरवर निळं आकाश, आत लांबलचक गिटार, भांडणतंटा नसलेला शहाणा रॉक. ती मान डोलावत होती. मला वाटलं, खोली खिशात. दुसरी बाजू लावली आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. ती उठली.

"हे काही खरं उठनं नाही," मी म्हणालो.

"कायले नाही? दूध म्याच ठेवलं होतं गॅसवर. तुमच्या गान्याचा भरवसा वाटला म्हनून विसरली." आणि ती इतकी हसली की मीही हसून तो रविवार सोडून दिला.

दुसऱ्या रविवारी मी तडकलो. म्हटलं, लपवाछपवी नको, खरं मेटल ऐकू दे. कव्हरवर कवटी, कवटीच्या डोळ्यांतून आग. पहिल्याच गाण्याला तिचा वरवंटा सुसाट सुटला आणि चिंचोके माझ्या कपाळावर येऊन आदळायला लागले. चौथ्या गाण्याला शेजारच्या काकू दारात आल्या आणि विचारू लागल्या, "घरी सगळं बरं हाय ना वो?" त्यांना आत घ्यायला ती उठली. काकूंनी कवटीचं कव्हर बघून हात जोडले, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

आता एकच रविवार हातात होता, आणि त्यासाठी मी माझी लाडकी रेकॉर्ड काढली. नऊ वर्षांपूर्वी नागपूरच्या जुन्या बाजारात मिळालेली. कुठल्यातरी थंड मुलखातल्या लोकांची असावी. कव्हर काळंकुट्ट, वर नाव अशा काटेरी अक्षरांत की बाभळीची फांदीच छापलीय म्हणावं. नेटवर शोधायचं तर टाईप काय करणार? पण आतलं संगीत! इतकं संथ, इतकं जड, आणि त्यावर एका माणसाचा खोल, विहिरीतून यावा तसा आवाज. मी मित्रांना बोलावून बोलावून ही रेकॉर्ड ऐकवलीय. "संथपणात ताकद असते," असं एक वाक्यही मी तिच्याबद्दल तयार केलं होतं.

मी सुई ठेवली. तिने चिंच ठोकायला घेतली. दोन मिनिटं गेली, पाच गेली. दुधाचा पत्ता नाही, काकू गावाला गेलेल्या. पहिली बाजू संपली, मी श्वास रोखून दुसरी लावली. ती हललीसुद्धा नाही. पण तिचा वरवंटा अडखळत होता. ठोकायची, थांबायची, परत ठोकायची. कपाळावर आठी आली.

"हे काहून असं गाऊन राह्यला?" ती म्हणाली.

मला बोलायची बंदी. मी हाताने 'ऐक, ऐक' असं केलं.

"नाही, थांबा. याचा श्वास पाहा तुमी. ओळीच्या मंधात श्वास घेते ना, तो किती लांब हाय. गानारा असा श्वास घेतच नाही. अन् ते मांगं झांज वाजते, ते आयका. झांज छन्नकन् वाजते. हे छ... न्न... करून राह्यलं. हात चांगला हाय त्या पोराचा, पन कोनीतरी त्याले मांगं ओढून राह्यलं."

मी बंदी मोडली. "ते संथ आहे. ते तसंच आहे!"

"बाप्पा! मिलमंधला पट्टा सैल झालेला कळते म्हनता ना तुमाले?"

मी सुई उचलली. आमचं रेकॉर्ड लावायचं यंत्र दोन वेगांनी फिरतं, मिनिटाला तेहतीस फेरे नाहीतर पंचेचाळीस. मोठ्या रेकॉर्ड हळू वेगाच्या, लहान जलद वेगाच्या, हा आमचा साधा हिशोब. ही मोठी, म्हणून नऊ वर्षं तेहतीसच्या खुणेवर. मी मोबाईलचा टॉर्च लावून मधला काळा कागद डोळ्यांजवळ धरला. भोकाला अगदी चिकटून, राखाडी रंगात, तांदळाएवढे दोन आकडे होते. चार आणि पाच.

लाज वाटली, खोटं कशाला सांगू? मित्रांचे चेहरे एकेक करून समोरून गेले. मग मी खटका पंचेचाळीसवर सरकवला आणि सुई परत ठेवली.

काय सुटलं ते गाणं! माझा तो जड, रडका, विहिरीतला डोंगर उड्या मारत धावत सुटला. ढोल खणखणीत, झांज छन्नकन्, आणि तो खोल आवाजाचा माणूस, ज्याचं मी नऊ वर्षं कौतुक केलं, तो माणूस नव्हताच. ती बाई होती. गळा फाडून, मजेत, खिदळल्यासारखी गाणारी एक बाई.

"अगं बाई!" बायको ओरडली. चिंचेचा ढीग ओलांडून ती उभी राहिली, खुंटीवरची खंजिरी घेतली आणि ताल धरला. तिसऱ्या ठोक्याला तिचा ताल बरोबर त्यांच्यात जाऊन बसला, जणू ती गाणारी बाई तिच्यासाठीच थांबली होती. मी हसत होतो की काय करत होतो कोण जाणे. डोळ्यांतून पाणी येत होतं, पायाखाली चिंचोके घरंगळत होते, आणि मला इतकं बरं वाटत होतं की आपण नऊ वर्षं मूर्खपणा केला, हेसुद्धा गोड वाटलं.

रेकॉर्ड संपली. ती दमून भिंतीला टेकली, घामाने चिंब. मग तिला आठवलं.

"मी उठली," ती म्हणाली.

"हो."

"म्हंजे तुमी हारले. खोली मंडळाची."

"हो," मी म्हणालो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिने पदराने तोंड पुसलं, खंजिरी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून लावा."

एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्या रेकॉर्डबद्दल ती 'बंद करा' म्हणत आली होती. 'लावा' हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी रेकॉर्ड उलटून पहिली बाजू वर केली, खटका पंचेचाळीसवरच आहे ना ते दोनदा बघितलं आणि सुई ठेवली.