फवारणीचे कपडे कोण धुतं?

राजुरीच्या डॉक्टर शालिनीताई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या बाई, साठ वर्षांच्या झाल्या यावर माझा अजून विश्वास बसत नाही. डोळे मिटले की नव्वदच्या दशकातली ती सकाळ दिसते. टोमॅटोच्या वावरावर धुकं, त्यात माझ्या पाठीवरच्या पंपाचे तुषार. कुठलं धुकं आणि कुठलं औषध, ओळखू येत नसे. कोवळ्या उन्हात ते रंगीत दिसायचं आणि मला फार आवडायचं. त्या दुपारी डोकं धरून मी बाईंच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाल्या, "फवारलेल्या औषधाची बाटली घेऊन या." बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांनी मला शेजारी बसवून वाचून दाखवली. ती कुणी वाचतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढे शेती सांभाळून मी त्यांच्याकडेच कंपाउंडर झालो. सुट्टीच्या दिवशी बाई मला घेऊन पार पारगावपर्यंत जात. फवारताना अंगभर कपडे घाला, तोंडाला फडकं बांधा, असं शेतकऱ्यांना समजावत. मी त्यांचा आज्ञाधारक शिष्य. पूर्ण बाहीचा सदरा घालून मिरवायचो. माझी डोकेदुखी थांबली.

त्याच हंगामात माझ्या बायकोची, सुमनची, तब्येत ढासळली. मळमळ, चक्कर, हाताला कंप. गोधड्या शिवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, पण आता तिला सुईत दोरा ओवता येईना. बाईंनी अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या दिल्या. एके दिवशी ती विहिरीजवळ धुण्याच्या दगडावरच कोसळली. दवाखान्यात आणली तेव्हा ती वाचते की नाही, याची खात्री नव्हती. बाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या फवारणीच्या विषबाधेत होतात तशा टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. संध्याकाळी ती शुद्धीवर आल्यावर बाईंनी विचारलं, "आज काय काम केलंस?"

"काय न्हाई बाई. रोजच्यावानी ह्यांची फवारणीची कापडं धुतली."

बाईंनी तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. आठवडाभरात त्यांनी देवळाच्या मंडपात गाव जमवलं आणि सांगितलं, "अंगभर कपडे घाला, असं मीच सांगितलं. ते कोण धुणार, हे विचारलं नाही. अंगावर पडायचं ते विष कापडात मुरलं आणि सुमनच्या हातांत उतरलं. ही चूक माझी आहे." डॉक्टरांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, कारण तिच्यापुढे ते कपडे टाकणारा मी होतो.

"मंग आता आमी धुणं धुवायचं व्हय?" कुणीतरी विचारलं. माणसं हसली.

"फवारणी तुमची, तर धुणंही तुमचं," बाई म्हणाल्या. "हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत."

दुसऱ्याच दिवशी मी बादली घेऊन बसलो. "काय राव, वहिनी माहेरी गेल्यात का?" येणारा-जाणारा चिडवायचा. हंगाम संपेपर्यंत त्यांच्यातलेच दोघे-तिघे आपापल्या बादल्या घेऊन बसू लागले. सुमन सावकाश बरी झाली. बाईंनी मात्र तेव्हापासून आलेल्या प्रत्येकाला, अगदी सर्दीच्या रुग्णालाही, विचारायचं सोडलं नाही : "तुमच्याकडे फवारणीचे कपडे कोण धुतं?"

बाई, सुमननं तुमच्या साठीनिमित्त गोधडी शिवली आहे. सुईत दोरा तिनं स्वतः ओवला, पहिल्याच खेपेला. मी शेजारी बसून पाहत होतो. ती पांघरून तुम्ही अजून खूप वर्षं, ठणठणीत प्रकृतीनं, निवांत झोपा. आणि गोधडी धुवायची झाली की मला हाक मारा.