भूमेश्वरीच्या फिल्मची मिक्सिंग

भूमेश्वरी टेंभरेला आपण किती ओळखत होतो, असं टिकाराम डोंगरवारनं स्वतःला विचारलं तर उत्तर फार थोडं येतं. दिवाळीच्या सुट्टीतले अकरा दिवस आणि पुढच्या दोन भेटी, बस. ती लिहिताना ओठ हलवायची, चहा थंड करून प्यायची, आणि कोणी बोलत असलं की त्याचं संपेपर्यंत थांबायची. बारावीला ती तालुक्यात पहिली आली होती, हे त्याला सुमित्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं सांगितलं, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर. पुढं तिचं काय झालं याच्या लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. टिकारामनं कधी खातरजमा केली नाही. असं काही विचारायला त्याची जीभ उचलत नाही.

सडक अर्जुनीच्या बसस्टँडसमोर, ढाबा आणि खताच्या दुकानाच्या मध्ये त्याचा फोटो स्टुडिओ होता. पाटी फोटोची असली तरी पोट चालायचं लग्नाच्या शूटिंगवर. पंधरा वर्षांत पाचशेच्या वर लग्नं त्यानं घेतली असतील. आसपासच्या गावांत त्याला नावानं कोणी हाक मारत नसे, 'शूटिंगवाला आला' एवढंच. माणूस असा लाजाळू की भर मांडवात त्याच्या तोंडून दोनच शब्द निघत, "इकडं पाहा."

दोन हजार सातच्या दसऱ्याला डोमनलाल टेंभरे दुकानात आला. घरचं धान, घरचा ट्रॅक्टर, हसरा माणूस.

"टिकाराम, चार मे माह्या नावानं लिहून ठेव गा. पोरीचं जमलं."

"भूमेश्वरीचं? कुठचे पाहुणे?"

"तिरोड्याकडचे. पोरगा भुवनेश्वर, मास्तर हाये. अन् सांगू का, तुह्या कॅसेटनंच जमलं. माह्या पुतण्याच्या लग्नाची कॅसेट पाहून रायले होते, त्यात पोरगी दिसली. कोणाची म्हणून विचारलं, अन् झालं!"

"तिले सांगतलं का?"

"परीक्षा होऊ दे. आत्ता सांगतलं त पुस्तक फेकून बसन. तू बी कोणाजवळ बोलजो नको."

टिकारामला छाती फुगल्यासारखं झालं. त्याच्या कॅसेटनं लग्न जमलं, हे याआधी कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. नावं चुकली की सोयऱ्यांत भांडणं होतात, म्हणून तो टायटल नेहमी बापाला समोर बसवून बनवायचा. तसं त्यानं तेव्हाच कॉम्प्युटरवर बनवून ठेवलं. वर गणपती, दोन बाजूला गुलाब, आणि मध्ये 'श्री. डोमनलाल टेंभरे यांची सुकन्या चि. सौ. कां. भूमेश्वरी' आणि 'चि. भुवनेश्वर', खाली शुभविवाह, तारीख.

तीन आठवड्यांनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तीच मुलगी दुकानाच्या पायरीवर उभी.

"काकाजी, कॅमेरा किरायानं भेटते का?"

गोंदियाच्या कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. जनसंवाद नावाचा एक विषय होता आणि त्यात प्रत्येकानं वीस मिनिटांची फिल्म करायची होती. कॉलेजचा एकुलता एक कॅमेरा मुलांनी अडकवून ठेवला होता. तिचा विषय असा, की टीव्हीत, पेपरात, पोस्टरवर बाई कशी दाखवतात.

"कशी दाखवतेत म्हणजे?" टिकाराम म्हणाला. "चांगलीच दाखवतेत."

"तेच पाहायचं आहे." मग ती थोडं थांबून म्हणाली, "नागपूरहून मॅडम येणार आहेत फिल्म पाहायला. ज्याची निवडली, त्याला तिथल्या कोर्सला सरळ जागा. माझी निवडली त नागपूर, नाही त घरी."

"बाबूजी तसं म्हणाले का?"

"बाबूजी काहीच म्हणत नाहीत. म्हणून त भेव वाटते."

टिकारामनं टेबलावरची वही जरा बाजूला सरकवली. चार मे त्याच्या वहीत लिहिलेली होती. पण शब्द दिलेला होता डोमनलालला, आणि दुसऱ्याच्या घरातलं बोलणारा आपण कोण? आपला कॅमेरा तो कधी कोणाच्या हाती देत नसे. त्यानं विचार केला, निदान सोबत जावं. म्हणून तोच कॅमेरामन झाला.

अकरा दिवस दोघं त्याच्या लुनावर फिरले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथली रंगवलेली नाटकाची पोस्टरं घेतली. दंडारीच्या खेळात लुगडं नेसून नाचणारा मिशा काढलेला गडी घेतला. गोंदियाला जाऊन तांदळाच्या पोत्यांवर छापलेली हसरी, गोरी बाई घेतली आणि त्याच पोत्यांजवळ गिरणीत धान पाखडणाऱ्या बायका घेतल्या. भूमेश्वरी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची: टीव्हीतल्या बायकांत तुमच्यासारखी कोण वाटते?

बायका लाजायच्या नाहीतर हसायच्या. सुमित्राबाईला विचारलं तेव्हा ती चुलीसमोर बसली होती.

"माह्यासारखी? ते साबणाची जाहिरात पाहतेस का? त्यात धुवाच्या आंधी साडीवर एक डाग दाखवतेत नं, तो डाग मी."

भूमेश्वरी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. टिकारामनं कॅमेऱ्यामागून बायकोकडे पाहिलं. तीस वर्षं या बाईबरोबर जेवतोय, आणि ती असं बोलते हे त्याला आत्ता कळत होतं.

पण खरा घोळ झाला तो बोरटोल्याला. बीड्या वळणाऱ्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. टिकारामनं सवयीनं कॅमेरा त्यांच्या पायाशी नेला, जोडव्यांवरून हळूहळू वर, बांगड्या, हात, पदर, मग चेहरा. नवरी तो अशीच घ्यायचा. लोकांना तेच आवडायचं.

"काकाजी, पायापासून नका घेऊ," भूमेश्वरी म्हणाली.

"काऊन? छान दिसते."

"छान दिसते म्हणूनच. आपण सामान पाहतो तसं दिसते ते. आधी सगळं पाहून घ्यायचं अन् शेवटी तोंड."

"मी वाईट नजरेनं नाही घेत, बाई," टिकाराम कसाबसा म्हणाला.

"मला माहीत आहे. पण नजर चांगली असली तरी तसंच दिसते."

हे वाक्य त्याला समजलं नाही. नजर चांगली असेल तर चित्र वाईट कसं? घरी जाताना सगळ्या वाटेनं तो हेच घोळवत राहिला. मग एकाएकी त्याला आठवलं, डोमनलालच्या पुतण्याच्या लग्नात भूमेश्वरीला त्यानं कसं घेतलं होतं. पैंजणांपासून. मिक्सिंगमध्ये, म्हणजे तुकडे जोडताना, ते जरा सावकाशही केलं होतं. लुना चालवता चालवता त्यानं मागं वळून पाहिलं. ती मांडीवर वही धरून ओठ हलवत बसली होती. त्यानं लुना पुढं दामटली.

सुट्टी संपली. जाताना तिनं एक कागद दिला, कोणता तुकडा आधी, कोणता मागून.

"मिक्सिंग तेवढी करून द्या. सोमवारी दोन वाजता दाखवायची आहे. सकाळच्या बसनं कंडक्टरजवळ पाठवा, मी स्टँडवर घेते. अन् काकाजी, साधी ठेवा."

टिकारामनं साधीच ठेवली, म्हणजे त्याच्या हिशेबानं. पण नुसत्या बायका बोलताहेत आणि मागं काही वाजत नाही, हे त्याला भिकार वाटलं. पोरीचं नागपूर या फिल्मवर होतं. नागपूरच्या मॅडमला काय वाटेल? त्यानं हळू आवाजात सनई टाकली. सुमित्राबाईच्या चेहऱ्याभोवती गुलाब फिरवले. बीडीवाल्या बायका एका बदामातून दुसऱ्या बदामात जाऊ लागल्या. आणि शेवटी सगळ्यांची नावं टाकली, सौ. अमुक, खाली नवऱ्याचं नाव, प्रत्येकीला फुलांची चौकट. लग्नाच्या कॅसेटमध्ये एक मावशी सुटली तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कोणी सुटायला नको होतं.

सुरुवातीला टायटल हवं होतं. गणपती आणि गुलाब तयार होतेच, म्हणून त्यानं जुनंच टायटल आणून लावलं. नावं नंतर बदलू म्हणाला. तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस, कधी येईल भरवसा नाही. सोमवारी पहाटे लाइट आली तसं त्यानं घाईघाईनं सीडी बनवायला लावली. ती बाहेर आली तेव्हा बस स्टँडात लागली होती. तो धावत गेला, कंडक्टरच्या हातात दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

नाव बदलायचं राहिलं हे त्याला दुपारी जेवताना आठवलं. घास हातातच राहिला.

"काय झालं जी?" सुमित्राबाईनं विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं वाढायचं थांबवलं.

"म्हणजे तुमाले दसऱ्यापासून माहीत होतं? अन् ते पोरगी अकरा दिवस आपल्या घरी चहा पीत होती?"

पुढं हॉलमध्ये काय झालं, ते त्याला भूमेश्वरीची मैत्रीण नीतू हिच्याकडून कळलं. बस उशिरा पोचली, सीडी पाहून घ्यायला वेळच नव्हता. दिवे मालवले, सनई वाजली, गणपती आला आणि मागून भूमेश्वरीच्या लग्नाची तारीख. पोरं बाकं बडवून हसली. कोणी ओरडलं, "भाभीजी, पार्टी कब?" मॅडम म्हणाल्या, चुकीची सीडी दिसते, बंद करा. नीतूला वाटलं, भूमेश्वरी आता रडत बाहेर जाईल. ती पुढं जाऊन उभी राहिली.

"बंद नका करू. फक्त आवाज बंद करा."

मग चित्र चाललं आणि ती बोलली. हे माझ्या लग्नाचं टायटल आहे, मला तुमच्याबरोबरच कळलं, इथून तिनं सुरुवात केली म्हणतात. बदामातल्या बीडीवाल्या आल्या तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे बाई दाखवायची ही एकच रीत आहे, कॅमेरावाल्याला दुसरी कोणी शिकवली नाही. शेवटच्या नावांपाशी तिनं प्रत्येक बाईचं तिचं स्वतःचं नाव आणि गाव मोठ्यानं सांगितलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही.

फिल्म निवडली गेली. म्हणजे चांगलं झालं का वाईट, टिकारामला कळेना. आपण काम बिघडवलं, ते बिघडलं म्हणून पोरगी बोलली, बोलली म्हणून निवडली गेली. यात आपण कुठे बसतो?

आठवड्यानं भूमेश्वरी आली. बसली नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

पाचशे लग्नांत त्यानं एकाही नवरीला काही विचारलं नव्हतं, की सांगितलं नव्हतं. हे उत्तर होतं की नव्हतं, कोण जाणे.

"त्या पाहुण्यांनी मला पाहिलं कुठं?"

"माह्या कॅसेटीत."

ती टेबलाजवळ आली. मग म्हणाली, "पायापासून?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं की दुसरं काही, टिकारामला आजही सांगता येत नाही. "तो तुकडा मला काढून द्या," एवढंच ती बोलली. "नागपूरला फिल्म पुन्हा करून मागितली आहे. त्यात टाकते."

त्यानं काढून दिला. या वेळी त्यात एक फूलसुद्धा टाकलं नाही.

डोमनलाल मात्र तणतणत आला. "तुले बोलू नको म्हणलं होतं, अन् तू पडद्यावर लिहून दाखवलंस! कॉलेजभर झालं!"

"चूक झाली, दादा."

"पाहुण्याचा फोन आला. म्हणे पोरगी लगन करणार का शिकणार, एक सांगा. मी काय सांगू? तिलेच विचारलं शेवटी." तो स्टुलावर बसला, आणि बसल्यावर त्याचा राग कुठे गेला कोण जाणे. "एकवीस वर्षांत पयल्यांदा विचारलं गा काही."

"मग?"

"म्हणे नागपूर." डोमनलालनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिची माय म्हणते, विचारलंच काऊन. आता विचारलं त ऐकावं लागन नं?"

टिकारामनं मान हलवली. त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

टेंभऱ्यांकडचं लग्न मोडलं. त्या चार मेला मुहूर्त मोठा होता, तीन गावांहून बोलावणं आलं, पण टिकारामनं एकही लग्न धरलं नाही. सुमित्राबाईनं विचारलं तर म्हणाला, पाठ दुखते.

जूनमध्ये भूमेश्वरी नागपूरच्या बससाठी स्टँडवर आली. डोमनलाल सोडायला आला होता आणि खताच्या दुकानात कोणाशी तरी बोलत उभा होता. टिकाराम दुकानातून उठून गेला. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं मनात दोन वाक्यं जुळवली होती. बसपाशी पोचेपर्यंत दोन्ही विसरली.

"डबा घेतला?"

"आईनं दिला. काकाजी, ही बॅग वर ठेवता का? माझा हात पुरत नाही."

त्यानं आत चढून बॅग वरच्या फळीवर ठेवली.

"पडणार त नाही नं?"

"नाही पडत. पट्टा दांडीले बांधला हाये."