भिंतीपासून दोन बोटं

गल्लीत तिला सगळे भिंगवाली म्हणतात. डोळ्याला भिंग लावून ती मनगटी घड्याळं दुरुस्त करते. काम वडिलांकडून शिकली आणि लग्नाआधीपासून घड्याळांच्या एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत करत आली. यंदा मालकांनी ती खोली मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं ठरवलं. दुरुस्तीची घड्याळं यापुढे दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला जाणार होती.

“घरी करते मी,” ती म्हणाली.

“घरी कुठे, बाई? स्वयंपाकाच्या ओट्यावर?”

“आधी टेबल करते. मग बघायला या. पसंत नाही पडलं तर खुशाल पाठवा घड्याळं कुठे पाठवायची ती.”

मालक हो म्हणाले, पण ‘बघू’च्या सुरात. तिच्या हातचं काम टिकणार की जाणार, ते आता टेबलावर होतं.

घरात जागा एकच होती, पुढच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा. म्हणून टेबलही कोपऱ्यात बसणारं, दोन पंखांचं. खिडकीकडच्या पंखावर घड्याळ उघडायचं, दुसऱ्यावर हत्यारं आणि डब्या. वखारीतून तिने जाडजूड फळ्या आणल्या आणि शेजारच्या सुताराकडून करवत, रंधा, पटाशी मागून घेतली. ती व्हर्नियर लावून फळीची जाडी मोजते आहे हे पाहिल्यावर सुताराने कपाळाला हात लावला.

“वहिनी, लाकूड आहे ते. उद्या हवा बदलली की तुमचं माप पाळणार आहे का?”

“नाही पाळलं तर रंधा आहेच.”

पायांच्या खाचा तिने स्वतः कोरल्या. आडव्या पट्ट्या अशा घट्ट बसवल्या की ठोकताना वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. कडेला बारीक काठ लावला, निसटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये म्हणून. उंची मात्र घरात कुणालाच पटली नाही, कारण बसल्यावर टेबल छातीशी येत होतं.

“यावर काय हनुवटी ठेवायची?” सासूबाईंनी विचारलं.

“कोपरं ठेवायची, आई. घड्याळ डोळ्यांजवळ आलं पाहिजे. वाकून वाकून माझी मान गेली की तुम्हीच दाबून देणार का?”

“मग राहू दे हो उंच,” सासूबाई म्हणाल्या.

शेवटी तिने टेबल दोन्ही भिंतींना लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू मारून जखडलं. घड्याळात असंच असतं. प्रत्येक भाग आतल्या प्लेटला पक्का, सुटं काही ठेवायचं नाही. नवरा बस चालवतो, अंगाने दणकट आहे. त्याने सगळा भार टाकून टेबल ढकललं. ते तसूभरही सरकलं नाही.

रविवारी मालक आले. टेबलाभोवती फिरले, काठावरून बोट फिरवलं. मग खिशातून घड्याळाचा एक बारीकसा स्क्रू काढला आणि चिमट्याने टेबलावर डोक्यावर उभा केला. स्क्रू उभा राहिला. मालकांनी मान डोलावली. तेवढ्यात खाली पाण्याचा पंप सुरू झाला आणि स्क्रू आडवा झाला.

पुन्हा उभा केला. पुन्हा पडला.

“बाई,” मालक म्हणाले, “यावर घड्याळात तेलाचा थेंब कसा सोडणार?”

तिने टेबलावर तळवा ठेवला. मग भिंतीवर ठेवला. भिंत बारीक थरथरत होती. पंपाचा पाइप त्याच भिंतीतून वर गेला होता.

“मीच बांधून ठेवलंय त्याला,” ती म्हणाली. “भिंत हलते म्हणून हे हलतंय.”

“मग आमच्या इंजिनासारखं करायचं,” नवरा दारातून म्हणाला. “खाली रबर असतं त्याच्या. नुसतं चॅसीला आवळलं असतं तर पॅसेंजरांच्या कवळ्या हातात आल्या असत्या.”

“हे आत्ता सांगताय?”

“तू विचारलंस कधी? मला फक्त ढकलायला सांगितलंस.”

“मालक, बसा. आई चहा टाकतायत,” असं म्हणून ती स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली गेली. मालकांनी घड्याळात पाहिलं, पण बसले. भिंतीचे सगळे स्क्रू निघाले. नवऱ्याने बसच्या चाकामागच्या चिखलरोधकाचं जुनं रबर कापून आणलं आणि येताना शेजारच्या सुतारालाही घेऊन आला. त्याने आणि सुताराने टेबल उचललं, तिने प्रत्येक पायाखाली एकेक तुकडा सरकवला. दोन्ही भिंतींपासून दोन बोटं जागा सुटली. टेबल आता भिंतीला कुठेच टेकलेलं नव्हतं, तरी त्याच्या वजनाने आणि आडव्या पट्ट्यांनी जागच्या जागी रोवल्यासारखं उभं होतं.

पंप अजून चालूच होता. या वेळी स्क्रू तिने उभा केला आणि हात मागे घेतला. मालक खाली वाकले. नवऱ्याने टेबलाशेजारून मुद्दाम धपाधप पावलं टाकली.

“अहो, पुरे,” ती म्हणाली.

स्क्रू उभाच होता. चहाचा कप संपेपर्यंत मालक त्याच्याकडे बघत राहिले.

“घड्याळांची पिशवी खाली गाडीत आहे,” शेवटी ते म्हणाले. “म्हटलं, आधी बघावं.”

“बघितलंत ना? मग आणा की वर,” ती म्हणाली आणि डोळ्याला भिंग लावून खुर्ची पुढे ओढली.