शिंगट्याचा काटा

सर्जेराव शेलार मांजरीतल्या एका बारा मजली सोसायटीत माळीकाम करतो. पण त्याला नुसतं माळी म्हटलेलं खपत नाही. "झाडं पोटासाठी ओ. मी मूळचा पाण्यातला माणूस," असं तो कुणी न विचारता सांगतो. आणि ते खोटं नाही. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी त्याचं गाव. रान पाण्याखाली गेल्यावर त्याच्या बापानं औत सोडून गळ हातात घेतला. सर्जेराव चालायला आणि पोहायला एकाच वर्षी शिकला म्हणतो. त्यातलं खरंखोटं त्याच्या आईला ठाऊक, आणि ती काही आता सांगायला नाही.

मांजरीच्या माळावर एक जुनी दगडखाण आहे. दगड सरला, खाणवाले गेले, पाणी तेवढं राहिलं. आता त्याचं चांगलं आठ-दहा एकरांचं तळं झालंय. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला नव्या इमारती. त्या तळ्यावर रोज पहाटे सहा माणसं ट्रकच्या ट्यूबा घेऊन उतरतात. फुगवलेल्या ट्यूबीच्या पोटात नायलॉनच्या पट्टीची बैठक विणायची, तिच्यात बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि दोन्ही हातांत जुन्या चपला अडकवून पाणी मागं लोटायचं. झाली नाव. काठापासून पलीकडं, खाणीच्या उभ्या कड्याच्या सावलीपर्यंत जायला दहा मिनिटं लागतात. तिथं तळाला शिंगटा असतो.

शिंगटा म्हणजे मिशावाला, बिनखवल्याचा, गुळगुळीत मासा. चवीला एक नंबर, पण तीन काटे घेऊन जन्माला आलेला. एक पाठीवर, दोन गालांमागं. त्या काट्यांना करवतीसारखे दात. हातात घुसला तर गडी दोन दिवस ठणकत बसतो, आणि ट्यूबीत घुसला तर खाली तीस फूट पाणी. म्हणून ह्या लोकांचा एकच कायदा. मासा गळाला लागला की आधी पाण्यातच धरायचा, पकडीनं तिन्ही काटे मोडायचे, मगच वर घ्यायचा. काटा मोडल्याबिगर मासा मांडीवर नाही.

हा कायदा तळ्यावर आणला सर्जेरावानंच. नागोराव म्हणून एकजण परभणीकडचा, वीटभट्टीवर मुकादम. त्यानं एकदा घाईत अख्खा शिंगटा ट्यूबीवर घेतला, तर सर्जेरावानं भर पाण्यात त्याच्या खानदानाचा उद्धार केला होता. वर महिनाभर त्याला कड्याकडं फिरकू दिलं नाही. "मराचं तर घरी मर. आमच्या तळ्यात नाय," म्हणाला. नागोराव वयानं मोठा, पण मुकाट्यानं काठाला बसून राहिला. चूक त्याची होती.

सर्जेरावाचा जोडीदार हुसेन. मांजरी फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. दुकान त्याचं म्हणायचं, पण ट्यूबीचं काम बायकोचं. नसीमबानू सासऱ्याच्या हाताखाली शिकलेली. कानस मारून रबर खरवडायचं, सोल्युशन लावून फुंकर घालत वाळवायचं, ठिगळ बसवून वरून हातोडीनं ठोकायचं, सगळं मांडी घालून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. गाड्या आता बिनट्यूबीच्या झाल्या, पण तळ्यावरच्या साही ट्यूबा तिच्याच हातच्या. एकेका ट्यूबीला आठ-आठ, दहा-दहा ठिगळं. गेल्या अठरा वर्षांत एकही पाण्यात सुटलं नव्हतं. हुसेनला पोहता येत नाही. तो म्हणायचा, "मला कशाला पोहायला पाहिजे? बानूचं ठिगळ हाय ना."

तर ही गोष्ट मार्गशीर्षातल्या एका सकाळची.

थंडी होती, पाण्यावरून वाफ निघत होती. सर्जेराव आणि हुसेन कड्याखाली शेजारीशेजारी ट्यूबा लावून बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. बाकीचे चौघं पार दुसऱ्या टोकाला. कोंबडीची आतडी गळाला लावून दोघांनी दोऱ्या सोडल्या होत्या. तेवढ्यात वरच्या कड्यावर माणसांचा आवाज झाला. सर्जेरावाच्या सोसायटीतले पुष्कर साहेब फिरायला आलेले, बरोबर त्यांच्या मिसेस.

"अहो सर्जेराव! तुम्ही इथे?"

"हितंच असतो की साहेब रोज. आठ वाजेपर्यंत आमचंच तळं हे."

"मग आमच्या कुंड्यांना पाणी का मिळत नाही ते कळलं आज."

हुसेन खुदकन हसला. सर्जेरावाला ते लागलं. आणि नेमकी त्याच वेळेला दोरी ताणली. चांगला कोपरभर शिंगटा लागला होता.

"अय्या, केवढा आहे!" वरून मिसेस ओरडल्या. "पुष्कर, व्हिडिओ घे, व्हिडिओ घे. सर्जेराव, वर धरा ना जरा!"

सर्जेरावानं पकड काढली होती. ती त्यानं परत कमरेला खोचली. काटे मोडले की शिंगटा मेंगळट दिसतो, पंख पडतात. उभ्या काट्यांचा मासा कसा राजासारखा दिसतो. त्यानं जबड्यात बोटं घालून मासा पाण्याबाहेर काढला आणि डोक्याच्या वर धरला.

"सर्जा," हुसेन हळूच म्हणाला, "काटं."

"गप रे. मला शिकवतो व्हय?"

माशानं एक हिसडा दिला. बोटांतून सुटला, सर्जेरावाच्या छातीवर आदळला आणि दोन ट्यूबांच्या फटीत पडला. जातोय म्हणून सर्जेरावानं गुडघ्यानं दाबला. दाबला तो हुसेनच्या ट्यूबीवर. मग पकडीनं डोकं धरून पाण्यात बुडवला, आणि वरचे दोघं टाळ्या वाजवत असताना एकेक काटा मोडायला घेतला. पाठीचा मोडला. उजवा मोडला. डावा मोडायला गेला तर डावा आधीच मोडलेला. बुडख्याशी नुसता खुंट, टोक नाही.

ते टोक कुठं असणार हे त्याला त्याच क्षणी कळलं.

आता इथं कुणीही काय केलं असतं? म्हणाला असता, भाई, काठाला चल, तुझ्या ट्यूबीत काटा गेला. दहा मिनिटांचं पाणी. पण वर मोबाइल चालू होता. पुष्कर साहेब विचारत होते, "हे काय करताय, दात काढताय का त्याचे?" आणि सर्जेराव त्यांना काटे मोडायचा कायदा समजावून सांगत होता. हो, खरंच सांगत होता. काटा मोडल्याबिगर मासा वर घ्यायचा नसतो साहेब, जिवाशी खेळ असतो. हुसेन त्याच्याकडं बघून गालात हसत होता. अशा वेळी कुठल्या तोंडानं सांगायचं? आत गेला नसंल, त्यानं मनाशी ठरवलं. पाण्यात पडला असंल.

साहेब निघून गेले. तरी तो बोलला नाही. पंधरा मिनिटं गेली, हुसेनला एक शिंगटा लागला, त्यानं तो पाण्यातच धरून रीतसर काटे मोडून पिशवीत टाकला. सर्जेराव त्याच्या ट्यूबीकडं बघत राहिला. घुसलेला काटा बुचासारखा बसतो, हवा एकदम सोडत नाही. बसल्या जागी हुसेन बोटभर खाली गेला, मग चार बोटं.

"सर्जा, ही मऊ का लागतीय?"

एवढं म्हणेपर्यंत ट्यूब एका अंगाला कलंडली आणि हुसेन गळ्याइतक्या पाण्यात गेला. त्याचे हात बैठकीत अडकले. सर्जेरावानं आपल्या ट्यूबीतून उडी टाकली, त्याला मानेखाली धरला, आपल्या ट्यूबीवर ओणवा टाकला आणि पोहत पोहत काठाला ओढत आणला. हुसेन पाणी ओकला, थरथर कापला आणि मोठमोठ्यानं रडला. साठीला आलेला माणूस.

बाकीचे पाणी लोटत काठाला आले. नागोरावानं आपलं घोंगडं त्याला गुंडाळलं. कुणी म्हणालं, "सर्जेराव, वाचवलास बघ तू. तू नसतास तर आज माती होती." कुणी हुसेनची तरंगत राहिलेली ट्यूब ओढून आणून उलटीपालटी केली. "ठिगळच सुटलं असणार. आठ ठिगळं, कितींदा धरणार?"

सर्जेराव धोतराचा पिळा काढत होता. पिळा संपला तरी पिळतच राहिला.

"बानूला आताशा दिसत नाय," हुसेन दात वाजवत म्हणाला. "मी म्हनत हुतो तिला. म्हनत हुतो."

तो तसलं काहीच म्हणत नव्हता. पण माणूस घाबरला की कुणावर तरी ढकलतो. साही जणांनी ते ऐकलं, आणि त्यातल्या पाचांना ते पटलं.

हुसेनला रिक्षात घालून घरी धाडलं. सर्जेराव सोसायटीत गेला, तर फाटकावरच वॉचमननं सलाम ठोकला. तळ्यावरच्या कुणीतरी सांगितलं होतं. दुपारपर्यंत चार जणांनी त्याची पाठ थोपटली. पुष्कर साहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर मासा धरलेला व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, आमच्या सर्जेरावांनी आज एक जीव वाचवला. सर्जेरावानं तो व्हिडिओ वॉचमनच्या मोबाइलवर बघितला. उभ्या काट्यांचा शिंगटा खरंच राजासारखा दिसत होता. त्याला भाकरी गेली नाही.

चार वाजता हुसेनची ट्यूब खांद्यावर टाकून तो फाट्यावर गेला. का गेला ते त्यालाही सांगता येणार नाही. बहुतेक आपणच काटा काढून टाकू, असं मनात असावं. पण दुकानात नसीमबानू एकटीच होती, हातोडी, कानस, सोल्युशनचे डबे सगळं एका खोक्यात भरत होती.

"हे काय भाभी?"

"हे म्हनले बंद कर. उद्यापासनं ट्यूबीला हात लावायचा नाय." तिनं वर बघितलं नाही. "नागोरावभाऊ पण येऊन त्यांची ट्यूब घेऊन गेले. काय बोलले नाय. नुसती घेऊन गेले."

मग तिनं त्याच्या खांद्यावरची ट्यूब ओढून घेतली, पंपाला लावली आणि पाण्याच्या टाकीत बुडवून हळूहळू फिरवायला लागली. एकेक ठिगळ पाण्याखालून गेलं. आठाच्या आठ ठणठणीत, एकातूनही बुडबुडा नाही. मग साध्या रबरातून, जिथं कधी ठिगळ नव्हतं तिथून, बारीक बुडबुड्यांची माळ उठली. तिनं ट्यूब बाहेर काढली, नखानं चाचपलं, चिमट्यानं धरून ओढलं. बोटाच्या पेराएवढा करवती काटा.

तिनं तो तळहातावर घेतला आणि ट्यूब फिरवून बैठकीकडं बघितलं. "ह्यांचा मासा समोरच्या अंगाला येतो, हितं बाजूला नाय," ती म्हणाली. "ह्या अंगाला तुमी बसता."

सर्जेरावानं काट्यासाठी हात पुढं केला, तिनं मूठ मिटली.

"तुमाला ठावं हुतं?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

"मी नाय सांगणार ह्यांना," नसीमबानू म्हणाली. "मी सांगितलं तर म्हनतील, आपलं काम झाकायला सांगतीय. जिथं गप बसलात तिथंच बोला." आणि खोकं भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर्जेराव सगळ्यांच्या आधी काठावर येऊन बसला. एकेक जण आला. हुसेनही आला, घरच्यांचं न ऐकता, मफलर गुंडाळून, नुसतं बघायला म्हणून. सर्जेराव उभा राहिला आणि भाषणासारखं पाठ केलेलं सगळं विसरला.

"भाभीचं ठिगळ सुटलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या शिंगट्याचा काटा गेला भाईच्या ट्यूबीत. मी मोडला नव्हता. मोबाइलसाठी धरला वर."

 मग नागोराव थुंकला. "मला महिनाभर काठाला बसवलंस लेका. सगळ्यांसमोर."

"व्हय."

"आता तुला किती दिवस?"

 सर्जेराव हुसेनकडं बघत होता. हुसेन मफलरातून त्याच्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता, तर काहीतरी हिशेब जुळवत असल्यासारखं दिसत होतं.

"तुला कवा कळलं?"

सर्जेरावाला खोटं बोलता आलं असतं. काल दुपारी कळलं म्हणाला असता, दुकानात. कुणाला ठाऊक होतं?

"तवाच," तो म्हणाला. "काटं मोडताना."

"म्हंजी पाण्यातच."

"पाण्यातच."

"आनि मी बसलो हुतो तितं. पंधरा-वीस मिनिटं. तुझ्याशी बोलत."

"व्हय भाई."

हुसेन उठला. त्यानं शिवी दिली असती तर सर्जेरावानं ती हात पसरून घेतली असती. "काल मी बानूला काय काय बोललो," हुसेन म्हणाला, "तिच्या बापापातुर गेलो." आणि घराच्या वाटेला लागला. सर्जेराव चार पावलं त्याच्या मागोमाग गेला.

"तू नको येऊस," हुसेन न वळता म्हणाला.

बाकीच्यांनी ट्यूबा पाण्यात लोटल्या. सर्जेरावाला कुणी चल म्हटलं नाही, कुणी नको असंही म्हटलं नाही. तो थोडा वेळ तिथंच घुटमळला, मग ट्यूबीची हवा सोडून तिची घडी केली आणि साडेसहालाच सोसायटीच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. वॉचमननं सलाम ठोकला.

"ठोकू नको रे," सर्जेराव म्हणाला, आणि नळी जोडून कुंड्यांना पाणी घालायला गेला.