चादरीचा चौथा कोपरा

देवी माझ्यावर रुसली, असंच मला तेव्हा वाटत होतं. जत्रा तोंडावर आली आणि माझ्या पायांना सूज. आधी घोट्याला, मग पार गुडघ्यापर्यंत. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचो. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पालखीला खांदा देऊ दिला नसता. आमच्या गावदेवीच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा माझा. माझ्या आधी माझ्या बापाचा होता. मिशी फुटल्यापासून एकही वर्ष मी तो सोडलेला नाही, उत्तनच्या बंदरावर कोणालाही विचारा. देवीआईची एवढी सेवा केली, आणि ऐन जत्रेत तिनं माझा श्वास काढून घ्यावा? मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

शेवटी बोंबील सुकवतात त्या काठ्यांपाशी दम खायला खाली बसलो, तो मला उठताच येईना. ओठ निळे पडले म्हणे. मुलानं रिक्षात घातलं आणि भाईंदरला रुग्णालयात आणलं. तिथं छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, फोटो काढला, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. विचारतात, "आजोबा, दम कधीपासून लागतोय?"

मी म्हटलं, "कालपासून."

मागून सुनबाई कडाडली, "कालपासून? महिना झाला, बसून झोपतायत! मना काय डोले न्हाय?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. माझ्या पायावर बोट दाबून त्यांनी मला खड्डा दाखवला. हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी साठलंय, ते इंजेक्शननं लघवीवाटे काढायला लागेल, असं समजावून सांगितलं. मी म्हटलं, जत्रा झाली की येतो. त्या म्हणाल्या, "मी काही तुम्हाला बांधून ठेवणार नाही. पण आज घरी गेलात तर परत इथवर पोचाल का, ते मला सांगता येत नाही." मी तोंड फिरवलं. मनात पक्कं ठरवलं, जरा दम बसला की पळायचं.

मग मला मेडिसिनच्या वॉर्डात नेलं. अचानक आजारी पडून आलेल्या मोठ्या माणसांना आधी तिथंच ठेवतात. डॉक्टर येऊन येऊन बघतात, मग कोणाला घरी सोडतात, कोणाला दुसऱ्या वॉर्डात पाठवतात. स्ट्रेचरच्या गाडीवरून पलंगावर घ्यायचं तर अंगाखालच्या चादरीचे चार कोपरे धरून माणूस उचलतात. सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय असे तिघंच होते, चौथा दुसऱ्या पेशंटबरोबर गेलेला. शेजारच्या पलंगाशी एक दाढीवाला माणूस उभा होता, हातात मोसंब्यांची पिशवी. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि न सांगता चौथा कोपरा धरला.

सिस्टर म्हणाली, "आजोबा, हात छातीवर. तुम्ही काही करायचं नाही."

आता माझ्यासारख्याला कोणी उचलायचं? मला लाज वाटली. त्यांनी एक-दोन-तीन म्हटलं आणि मी कठडा पकडून स्वतःला उचलायला गेलो. चादर वाकडी झाली, नाकातली नळी निसटली, मी अर्धा इकडे अर्धा तिकडे. मावशी ओरडली, "अहो बाबा, आम्हाला पाडता काय?" डोळ्यांपुढे अंधारी आली. खरं सांगतो, मी भ्यालो.

तो माणूस खाली वाकला आणि हळूच बोलला, "चाचा, हाथ छोड दो. हम हैं ना."

का कोण जाणे, मी कठडा सोडला. ज्यानं आजवर बायकोचं ऐकलं नाही, त्यानं अनोळखी माणसाचं ऐकलं. हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. चौघांनी एकदम उचललं. मला वजनच नाही असं वाटलं. त्या अधांतरी क्षणात मला आई दिसली, पालखीत बसलेली. मनात आलं, ती कधी कुठं काय धरते? सगळा गाव तिला नाचवतो, आणि ती आपली शांत. मला रडू आलं. सिस्टरला वाटलं दुखलं.

त्यानंतर मी पळायचं नाव काढलं नाही. रोज सकाळी काट्यावर उभा राहिलो, मोजून दिलेलं पाणी प्यालो. माझी लघवीसुद्धा मापून बघायचे! पहिल्यांदा लाज वाटली, मग मीच हाक मारायला लागलो, "सिस्टर, आज भरती हाय बरं का!" ती म्हणायची, "येऊ द्या आजोबा, सगळी ओहोटी होऊ द्या." डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येऊन कानातली नळी छातीला लावून ऐकायच्या. पायावर दाबलं की खड्डा पडायचा तो हळूहळू पडेनासा झाला.

त्या दाढीवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेजारचा पलंग रिकामा. त्याच्या पेशंटला दुसरीकडे हलवलं, एवढंच कळलं. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. आईला ज्याचे हात घ्यावेसे वाटले, त्याचे तिनं घेतले.

पालखीच्या दिवशी मला वाटलं होतं, जीव तळमळेल. मुलगा म्हणाला होता, फोनवर दाखवतो. पण दुपारी डॉक्टरीणबाईंनी पलंगाची पाठ खाली केली, म्हणाल्या, "जरा आडवे होऊन बघा." मी आडवा झालो. छातीवर कोणी बसलं नाही. महिन्यानं पाठ टेकून झोपलो, आणि असा झोपलो की फोन वाजून वाजून थकला. जाग आली तेव्हा पालखी देवळात पोचली होती. माझ्या जागी पुतण्यानं खांदा दिला. चांगला दिला म्हणतात. मला राग आला नाही, मीच चकित झालो.

आई, इतकी वर्षं मी समजत होतो, तुला मी उचलतो. माझी समज तेवढीच. तू ती काढून घेतलीस आणि श्वास परत दिलास. त्या डॉक्टरीणबाईंचं, सिस्टरचं, मावशीचं भलं कर.

आता घरी जिना चढताना सुनबाई माझं कोपर धरते. धरू देतो.